आमराईत उतरलेला चेखव

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एका स्थानिक हौशी संस्थेने रशियन नाटककार चेखवच्या ‘चेरीची बाग’ या नाटकाचे मराठी रूपांतर सादर केले. चेरीच्या जागी कृष्णाकाठची आमराई, बागेची मालकीण राणेव्स्कायाच्या जागी कर्जात बुडालेल्या वाड्याची मालकीण आणि भूदासाच्या घरातून व्यापारी झालेल्या लोपाखिनच्या जागी त्याच वाड्याच्या जुन्या कुळाचा, आता प्लॉट पाडून विकणारा नातू, अशी मांडणी आहे.

रूपांतरकाराने काळ फार विचारपूर्वक निवडला आहे. रशियातील भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्तता १८६१ ची आणि नाटकाचा पहिला प्रयोग १९०४ चा. मधल्या काळात कायदा जुना झाला, पण मनातील मालक आणि दास तसेच राहिले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली आणि हे कथानक २००० च्या सुमारास घडते, त्यामुळे तेवढ्याच वर्षांचे अंतर येथेही पडते. दुसऱ्या अंकात तार तुटल्याचा जो दूरचा आवाज चेखवने लिहिला आहे, तो येथे मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारेचा आहे. तो ऐकून म्हातारा गडी म्हणतो, “ते विपरीत घडलं, त्याच्या आधीही असाच आवाज आला होता.” कसले विपरीत, असे विचारल्यावर त्याचे उत्तर एकाच शब्दाचे असते: “कूळकायदा.” हे सारे मूळ संहितेतील फीर्स या म्हाताऱ्या नोकराचेच आहे, तरीही ते याच मातीत उगवल्यासारखे वाटते. वाड्याचा लिलाव जिंकून आलेला नातू, ज्या माजघरात त्याच्या आजोबांना पाऊल टाकता येत नव्हते तेथे उभा राहून बोलू लागतो, तेव्हा नटाने आवाज चढवण्याचा मोह टाळल्यामुळे त्याचा आनंद आणि त्याची लाज एकदमच ऐकू येतात.

शेवट मात्र मला पटला नाही. मूळ नाटकाच्या शेवटी बाग तोडणाऱ्या कुऱ्हाडीऐवजी येथे ऐकू येणारा यंत्रकरवतीचा आवाज काळाला धरून असला, तरी कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्ये जी शांतता असते, ती या सलग घरघरीत बुडते, आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची तारही.

याहून मोठी उणीव म्हणजे हा प्रयोग सुरुवातीपासून हळहळत राहतो. चेखवने या नाटकाला विनोदी नाटक म्हटले होते आणि त्याचा पहिला दिग्दर्शक स्तानिस्लावस्की याने ते शोकांतिकेच्या अंगाने बसवले, याबद्दल चेखवची तक्रार होती. येथे मूळ नाटकातील पदोपदी धडपडणारा येपिखोदोव आणि जादूचे खेळ करणारी शार्लोटा ही दोन्ही पात्रे गाळली आहेत. घर लिलावात निघालेले असताना त्याच घरात मेजवानी आणि पत्त्यांची जादू चालू असते, यातच या माणसांचे सारे आंधळेपण आहे. ते गाळल्यामुळे तिसऱ्या अंकात केवळ वाट पाहणे उरते. पुढील प्रयोगांत ती दोन पात्रे परत आली, तर लिलावाची बातमी आजच्याहून कितीतरी जोराने येऊन आदळेल.