जुन्या फोटोची दुरुस्ती, म्हापसा: पाचपैकी चार तारे

शुक्रवारी जाऊ नका. बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, दुपारी दीड ते साडेतीन बंद.

आमच्या दहावीचा, 1988 चा ग्रुप फोटो होता. चवथीच्या साफसफाईत बायकोने भिंतीवरून उतरवला, तर काचेला चिकटलेला. आपल्याकडच्या पावसात हे व्हायचंच. फोटोचा वरचा थर दमटपणाने काचेला धरतो आणि ओढलं की चेहरेच सोलून येतात. आधी एका दुकानात गेलो, तिथला पोरगा नखाने कोपरा उचकटायलाच निघाला होता. या स्टुडिओच्या मालकाने तसलं काही केलं नाही. काचेसकट स्कॅन केला आणि बुरशीचे ठिपके कंप्युटरवर काढले.

चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना आला. सगळे ओळखू आले, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी सोडून. तिच्या भुवईवर कांजण्यांचा खड्डा होता आणि पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. अ‍ॅपने खड्डा बुजवला, दात ओळीत बसवले. दिसायला छानच, पण ती भलतीच कोणीतरी.

परत जिना चढलो. मालकाने चेहरा मोठा करून विचारलं, ‘‘हें कोण, बाब?’’

‘‘वर्गांतलें.’’

अजून काय सांगणार? कदंबाच्या बसमध्ये दप्तर ठेवून ती माझी जागा धरायची, हे? की 1989 च्या मे महिन्यात मावशीकडे म्हणून निघाली ती पोचलीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी काजूचे बोंडू गोळा करायला गेलेल्या बायकांना सापडली? पेपरात हॉलतिकिटावरचा फोटो आला होता, त्यात ती तोंड मिटून बसलेली. पोलिसांनी आम्हा पोरांनाही बोलावलं. तिच्या अक्षरातली माझी गणिताची वही घेऊन गेले, ती आजतागायत परत नाही. खुनीही सापडला नाही. 2009 मध्ये शिरोड्याच्या महानंद नाईकला अटक झाली, 16 खुनांचा आरोप, तेव्हा पेपरातली यादी मी बोट ठेवून वाचली होती. त्यातला सगळ्यात जुना 1994 चा.

तर, मालकाने मला शेजारी स्टूल दिलं आणि मूळ स्कॅन उघडून तिचा चेहरा माऊसने हाताने केला. तासभर तरी लागला. ‘‘दांत असोच दवरूं?’’ एवढंच विचारलं. वेगळे पैसे घेतले नाहीत. फ्रेमसकट साडेसहाशे, आत जाड माउंट घातलंय, त्यामुळे काच आता फोटोला टेकत नाही. एक तारा कापला तो वेळेसाठी: चार दिवस सांगून नऊ लावले.

पहिला, गुळगुळीत नमुना त्यांच्या कंप्युटरवरून माझ्यासमोर पुसायला लावला. माझ्या मोबाइलवरचा मी जिना उतरतानाच पुसला.