लिहून ठेवायचं की आठवून पाहायचं?

‘हल्ली काही लक्षातच राहत नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार एकसारखी नसते. कुणी दळण आणायचं विसरतं, कुणाच्या डोक्यात वाचलेलं टिकत नाही. आपलं काय होतंय हे पाहून उपाय निवडा.

रोजच्या कामांसाठी कागदाला तोड नाही. एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. जांभळी नाक्यावरून दहा जिन्नस आणायचे तर चिठ्ठी हवीच. ती नसेल तर गट पाडा: कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबू म्हणजे चटणीचं सामान, झाली एकच गोष्ट. फोनचा रिमाइंडर सातच्या गोळीसाठी उत्तम, पण तो बंद करायला फोन हातात घेतला की व्हॉट्सॲपही उघडतंच. त्यापेक्षा काम जागेला बांधा. ‘ठाणे स्टेशनाचा जिना उतरले की आधी औषधाचं दुकान’ असं मनाशी ठरवलेलं सहसा चुकत नाही.

अभ्यासाचं मात्र उलटं. तिथे नुसतं लिहून, पुन्हापुन्हा वाचून भागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणूनच वाचणारे फसतात, वाचल्यावर लगेच सगळं येतंय असंच वाटतं. ठाणे-नेरूळ लोकलने जात असाल तर ऐरोलीपर्यंत वाचा, पुस्तक मिटा आणि तुर्भ्यापर्यंत मुद्दे आठवा. अडायला होतं, त्रास होतो. तोच त्रास कामाचा.

लक्ष लागत नसेल तर पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत बरी, कंटाळवाण्या कामाला तर फारच. पण फोन शेजारीच असेल तर टायमर काय करणार? आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘मेंदूचा व्यायाम’ म्हणवणाऱ्या ॲपवर मी तरी पैसे घालणार नाही. पुराव्याशिवाय दावे केल्याबद्दल ल्युमॉसिटी या अशाच ॲपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. त्या खेळांनी खेळातलं कौशल्य वाढतं; भाजीची यादी पाठ होईल असं नाही.

झोप अपुरी असेल तर आधी तिचं बघा. आणि घरातलं वडीलधारं माणूस रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागलं, तर यातलं काहीही करत न बसता डॉक्टरांकडे न्या.