ई-कोर्ट्स ॲप: हायकोर्टाने अपील दाखल करून घेतलं की नाही, हे नाशकातून बघायचं तर

जिल्हा न्यायालयात दावा जिंकलात, समोरचा हायकोर्टात गेल्याचं कानावर आलं, पण नोटीस काही येत नाही. किंवा निफाडकडची जमीन घ्यायची आहे आणि विकणारा सांगतो, "अपील कधीच फेटाळलंय." अशा वेळी ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी, मोफत ॲप खरंच कामाला येतं. नोटीस न येण्यात नवल नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ११ खाली समोरच्याला न बोलावताच अपील पहिल्या सुनावणीला फेटाळता येतं. सेकंड अपिलात (पहिल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात केलेलं दुसरं अपील) कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दिसला नाही, तर बहुतेकदा तिथेच विषय संपतो.

ॲपमध्ये आधी हायकोर्ट निवडा, मग मुंबई, मग अपिलेट साइड (हायकोर्टाची अपिलं चालणारी बाजू). इथेच पुष्कळ जण चुकतात. धुळे, जळगाव, अहिल्यानगरची अपिलं औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, नाशिकची मात्र मुंबईला. सोळा अक्षरी सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) हाताशी असेल तर काम मिनिटाचं. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. स्थितीच्या जागी 'पेंडिंग' राहू दिलंत तर निकाली अपील दिसणारच नाही, म्हणून 'बोथ' ठेवा. नावाची स्पेलिंगं बदलून बघा. पवार डब्ल्यूनेही लिहिलं जातं आणि व्हीनेही. सापडलेल्या नोंदीत खालच्या कोर्टाचा जिल्हा आणि दावा क्रमांक ताडल्याशिवाय ती आपलीच समजू नका.

खरी अडचण स्टॅम्प नंबरची, म्हणजे अपील दाखल करताना मिळणाऱ्या तात्पुरत्या नंबरची. अपील मुदतीनंतर केलं असेल (सेकंड अपिलाला ९० दिवस), तर आधी विलंब माफीचा अर्ज चालतो. तो फेटाळला की अपिलाला रजिस्टर नंबर मिळतच नाही. रजिस्टर नंबरने शोधणाऱ्याला वाटतं, अपील झालंच नाही! हायकोर्टाच्या स्वतःच्या साइटवर केस शोधताना स्टॅम्प आणि रजिस्टर असे वेगळे पर्याय आहेत, दोन्ही तपासा. या बाबतीत साइट ॲपपेक्षा सरस वाटते.

'डिस्पोज्ड' एवढंच वाचून मात्र व्यवहार करू नका. ऑर्डरची पीडीएफ उघडा आणि शेवटचे दोन परिच्छेद वाचा. गुणदोषावर फेटाळलं, मागे घेतलं, की वकील हजर नव्हता किंवा हायकोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या हरकती दूर झाल्या नाहीत म्हणून काढून टाकलं? शेवटच्या दोन प्रकारांत अपील पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज होऊ शकतो, म्हणून जमीन घेणाऱ्याने तिथे थांबलेलंच बरं. अपील नुसतं प्रलंबित असणं म्हणजे स्टे नव्हे, हेही दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावणाऱ्याने लक्षात ठेवावं. स्टेची स्वतंत्र ऑर्डर असावी लागते.

मोबाइलवर जमत नसेल तर नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात स्थिती बघून मिळते. डाउनलोड केलेली प्रत माहितीपुरती. कोर्टात किंवा तलाठ्याकडे द्यायला नक्कल शाखेची प्रमाणित प्रतच लागते. हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर सुप्रीम कोर्टात जायलाही साधारणपणे ९० दिवस असतात. त्यामुळे इसार देण्याआधी सुप्रीम कोर्टाच्या साइटवरही तीच नावं टाकून बघा.