फुटी की क्रिकेट? सतराव्या वर्षी निवडायची वेळ आली तर

मेलबर्नमध्ये वाढलेलं मराठी पोर हिवाळ्यात फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळतं आणि उन्हाळ्यात क्रिकेट. बहुतेकांच्या बाबतीत बारावीनंतर दोन्ही मागे पडतं आणि कुणाला निर्णय घ्यावाच लागत नाही. पण एखादा खरोखर दोन्हींत चमकतो, फुटीच्या टॅलेंट लीगमध्ये (होतकरू मुलांच्या स्पर्धेत) निवडला जातो, इकडे राज्याच्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघातही त्याचं नाव येतं, आणि मग घरात खल सुरू होतो. हा आढावा अशा घरांसाठी आहे. आई-वडिलांचा कल आपसूकच क्रिकेटकडे असतो, कारण त्यांना तेवढंच कळतं. क्रिकेटकडे झुकायला हे कारण पुरेसं नाही.

आधी फुटीबद्दल दोन शब्द. क्रिकेटच्याच मैदानावर दोन्ही बाजूंचे १८-१८ खेळाडू, अंडाकृती चेंडू, २० मिनिटांचे चार क्वार्टर. खेळ थांबतो तो वेळ वेगळा मोजला जात असल्यामुळे एकेक क्वार्टर अर्ध्या तासाच्या घरात जातो. मधल्या दोन खांबांतून गोल मारला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला की १. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो, तेही धडका खात.

पूर्वी निवड करायची गरजच नव्हती. मॅक्स वॉकर मेलबर्न क्लबकडून फुटी खेळून कसोटीत जलद गोलंदाजी करत होता. सायमन ओडॉनेल सेंट किल्डाकडून खेळला आणि पुढे १९८७ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही होता. आता फुटीची तयारी नोव्हेंबरात सुरू होते, म्हणजे क्रिकेटचा हंगाम ऐन भरात असताना. एकाच्या पगारावर दुसरं खेळणं संपलं.

माझ्या मते दोन्हींमधला सर्वांत मोठा फरक पैशाचा किंवा प्रसिद्धीचा नाही. फुटी उत्तर लवकर देते आणि क्रिकेट उत्तर द्यायला वर्षानुवर्षं लावतं.

एएफएल ही फुटीची सर्वोच्च लीग. तिचा राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, नोव्हेंबरात होतो आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलं त्यासाठी पात्र असतात. म्हणजे बहुतेकांसाठी ते बारावीचं, व्हीसीईचं वर्ष. परीक्षा, निवड चाचण्या आणि क्लबच्या माणसांच्या गाठीभेटी हे सगळं एकाच हंगामात येतं. ही माणसं घरी येतात. तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून मुलाला विचारतात की शेवटचा सामना वाईट गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी काय केलंस. आईला विचारतात, हा घरी कामाला हात लावतो का, झोपतो कधी. आपल्याकडे स्थळ बघायला आलेली मंडळी इतक्या बारकाईनं चौकशी करत नाहीत. नंतर ड्राफ्टच्या रात्री नाव पुकारलं गेलं तर मुलगा व्यावसायिक खेळाडू होतो, नाही गेलं तर डिसेंबरात बारावीचा निकाल लागतो आणि विद्यापीठाचा अर्ज भरता येतो. कटू असेल, पण स्पष्ट असतं.

क्रिकेटमध्ये अशी एक रात्र येतच नाही. राज्याचा रुकी, म्हणजे नवख्यांसाठीचा, करार मिळतो, मग क्लब क्रिकेट, मग राज्याचा दुसरा संघ, मग एखादा सामना, मग पुन्हा बाहेर. सहा राज्यांचे संघ, प्रत्येकाकडे वीसेक करार, म्हणजे देशभरात सव्वाशेच्या आसपास जागा. फुटीत १८ क्लब आणि प्रत्येकाकडे चाळीसहून अधिक खेळाडू. आठशेच्या जवळपास नोकऱ्या. शिवाय टास्मानियाचा संघ २०२८ मध्ये येणार आहे. नुसत्या जागा मोजल्या तर फुटी कितीतरी उदार.

पण क्रिकेट उशिरा का होईना दार उघडतं. माइक हसी तिशीत कसोटी खेळला. ॲडम व्होजेस ३५ व्या वर्षी पदार्पण करून शतक ठोकून आला. बो वेब्स्टरला २०२५ च्या जानेवारीत संधी मिळाली तेव्हा तो ३१ चा होता. फुटीत असं अगदीच घडत नाही असं नाही: मार्लियन पिकेट २७ व्या वर्षी, थेट २०१९ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, रिचमंडकडून पहिला सामना खेळला. पण तो अपवाद म्हणूनच सगळ्यांच्या लक्षात आहे. बाकी पुष्कळ मुलं ड्राफ्ट होऊन तीन-चार वर्षांत क्लबच्या यादीतून बाहेर पडलेली असतात. बाविसाव्या वर्षी माजी खेळाडू होणं सोपं नाही. तरी बाविसाव्या वर्षी शिक्षण नव्यानं सुरू करता येतं. क्रिकेटमध्ये सत्तावीसपर्यंत ‘यंदा होईल’ म्हणत राहिलेल्याला ते फार जड जातं. आपल्या घरांमध्ये हा मुद्दा कुणी बोलून दाखवत नाही, आणि तोच आधी बोलायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठे राहायचं ते. ड्राफ्टमध्ये क्लब खेळाडू निवडतो, खेळाडू क्लब निवडत नाही. २०२३ चा पहिला क्रमांक हार्ली रीड व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावचा. तो गेला पर्थला, वेस्ट कोस्टकडे. २०२१ चा पहिला क्रमांक जेसन हॉर्न-फ्रान्सिस ॲडलेडचा. नॉर्थ मेलबर्ननं घेतला आणि एका हंगामानंतर तो परत ॲडलेडला, पोर्ट ॲडलेड क्लबकडे गेला. क्लब काळजी घेतात, सुरुवातीला एखाद्या कुटुंबाकडे राहायची सोयही करतात. पण अठराव्या वर्षी चार तासांच्या विमानप्रवासावर एकटं राहायचं, आणि हरलेल्या सामन्यानंतर अनोळखी माणसाकडून किराणा दुकानात शेरे ऐकायचे, हे प्रत्येकाला झेपत नाही. क्रिकेटमध्ये निदान सुरुवातीची वर्षं बहुधा आपल्याच राज्यात जातात. आई-वडिलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मुलासाठी असेलच असं नाही.

पैशाचं म्हणाल तर मधल्या पायरीवर फुटी सरळ पुढे आहे. २०२३ च्या सामूहिक करारानुसार पुरुष खेळाडूंचं सरासरी वार्षिक मानधन २०२२ मधल्या ३,८७,००० डॉलरवरून २०२७ पर्यंत ५,१९,००० डॉलरवर जायचं आहे. सरासरी फसवी असते, वरचे काही दशलक्षाच्या पुढे असतात आणि नवखे खूप खाली. तरीही नुसत्या राज्याच्या करारावर खेळणारा क्रिकेटपटू या आकड्याच्या बराच मागे राहतो. शिखरावर मात्र उलटं चित्र आहे. मिचेल स्टार्कला २०२४ च्या आयपीएलसाठी कोलकात्यानं २४.७५ कोटी रुपये मोजले. फुटीचा सर्वोत्तम खेळाडूदेखील ऑस्ट्रेलियाबाहेर एक पैसा कमवू शकत नाही, कारण त्याला बाहेर बाजारच नाही. सांगलीच्या आजोबांना नातवाचा खेळ टीव्हीवर सापडणार नाही, हे त्यात आलंच.

शरीराचं काय? दोन्हीकडे किंमत मोजावी लागते, पण वेगळी. जलद गोलंदाजाची पाठ कोवळ्या वयात जाते. पॅट कमिन्स १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला कसोटी खेळला आणि पुढची कसोटी थेट २०१७ मध्ये रांचीला. पण तो परत आला आणि कर्णधार झाला. फुटीत गुडघ्याचा लिगामेंट तुटला की हंगाम जातो, तोही भरून निघतो. मला भीती वाटते ती डोक्याची. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ २०२३ च्या सप्टेंबरात झालेल्या धडकेनंतर पुन्हा खेळलाच नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत डॉक्टरी सल्ल्यानं निवृत्त झाला. कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला धक्का) झाल्यास किमान १२ दिवस बाहेर बसायचा नियम आता आहे. नियम चांगला आहे, पण धडक होऊन गेल्यावरचा आहे. मुलाला आधीच दोन-तीन वेळा डोक्याला मार बसला असेल, तर पुढचा आढावा वाचायची गरज नाही. क्रिकेट निवडा.

एकदा निवडलं की परतीचा रस्ता असतो का? असतो, पण अरुंद. शेन वॉर्नला सेंट किल्डाच्या ज्युनिअर संघानं काढून टाकलं आणि मग तो क्रिकेटला लागला. उलट वाटेनं आला ॲलेक्स कीथ. शेपर्टनचा हा मुलगा सतराव्या वर्षी गोल्ड कोस्टची फुटीची संधी सोडून व्हिक्टोरियाकडून क्रिकेट खेळला. तिथे जम बसला नाही. तीन वर्षं फुटीत नोंदणी नसलेल्यांना क्लब ड्राफ्टशिवाय घेऊ शकतात, त्या वाटेनं ॲडलेडनं त्याला घेतलं, आणि २०२१ ची ग्रँड फायनल तो वेस्टर्न बुलडॉग्सकडून खेळला. उंच, चपळ, हात पक्के असलेल्या मुलाला ही वाट विशीच्या सुरुवातीपर्यंत मोकळी असते.

आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. एएफएल क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमी आहेत आणि आई-वडिलांपैकी एकाचा जन्म आशियात झाला असेल तर मुलगा त्यांत बसू शकतो. म्हणजे नाशिकला किंवा म्हापशाला जन्मलेल्या आईमुळे मेलबर्नच्या मुलाला क्लबचं प्रशिक्षण आणि ड्राफ्टमध्ये त्या क्लबकडून प्राधान्य मिळण्याची शक्यता आहे. कॉलिंगवूडचा आयझॅक क्वेनॉर अशाच अकॅडमीतून आला. कोणत्या भागासाठी कोणता क्लब ते ठरलेलं असतं आणि नियम बदलत राहतात, म्हणून सतराव्या वर्षी नाही, तेराव्या-चौदाव्या वर्षीच चौकशी करावी.

माझा कल विचाराल तर: भरपूर पळणारा, धडकेला न घाबरणारा, घर सोडायला तयार असलेला मुलगा असेल तर फुटी. फलंदाज किंवा फिरकीवाला असेल तर क्रिकेट, त्यांचं वय उशिरा पिकतं. जलद गोलंदाज असेल तर पाठीचा एमआरआय बघून ठरवा, मामाच्या मतावर नाही.

मुलगी असेल तर हिशोब बराच सोपा आहे: क्रिकेट. एएफएलडब्ल्यू ही महिलांची फुटी लीग २०१७ ला सुरू झाली, २०२२ पासून १८ ही क्लबांचे संघ आहेत, पण सरासरी मानधन २०२७ ला ८२,००० डॉलरपर्यंत पोचायचं आहे. सदरलँड भावंडांचंच बघा. विल सदरलँड ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर जाईल असं बोललं जात असताना २०१७ मध्ये क्रिकेटकडे वळला आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला. त्याची बहीण ॲनाबेल तोवर कसोटीपटू झालेली होती, आणि २०२४ च्या डब्ल्यूपीएलसाठी दिल्लीनं तिच्यावर २ कोटी लावले होते.