योइदोची उपासना: बारा हजारांच्या सभागृहात एक रविवार

नगर जिल्ह्यातल्या दीडशे माणसांच्या ख्रिस्ती मंडळीत मी वाढलो. रविवारी कोण आले नाही, हे तिथे पहिले गीत संपायच्या आत सगळ्यांच्या लक्षात येई. त्यामुळे जगातली सर्वांत मोठी मंडळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सोलच्या योइदो फुल गॉस्पेल चर्चमध्ये जाताना माझ्या मनात कुतूहलापेक्षा अढीच जास्त होती.

व्यवस्था मात्र चोख आहे. परदेशी पाहुण्यांना वेगळी जागा दिली जाते आणि हेडफोन लावला की कोरियन प्रवचन इंग्रजीसह अनेक भाषांत ऐकता येते. गायकवृंद आणि वाद्यवृंद भव्य आहेतच, पण लक्षात राहते ती प्रार्थना. ‘जुयो’, म्हणजे ‘हे प्रभू’, असा पुकारा होतो आणि सभागृहातला प्रत्येकजण आपापले गाऱ्हाणे एकाच वेळी मोठ्याने मांडू लागतो. शेजारच्या आजीबाई डोळे मिटून, गुडघ्यावर मूठ आपटत कोणाचे तरी नाव पुन्हा पुन्हा घेत होत्या. मी हेडफोन काढून ठेवला. दुभाष्याला तिथे काही कामच नव्हते.

1958 साली डेव्हिड योंगी चो आणि चोई जा-शिल (या पुढे त्यांच्या सासूबाई झाल्या) यांनी चोईबाईंच्या घरी पहिली उपासना घेतली, तेव्हा माणसे जेमतेम पाच होती. मग तंबू आला. कोरियन युद्धाने होरपळलेल्या त्या गरीब वस्तीला चो यांनी आत्म्याच्या तारणाबरोबरच आजारातून बरे होण्याची आणि पोटापाण्याच्या बरकतीचीही आशा दिली. हे बरकतीचे शिक्षण माझ्या गळी उतरत नाही. पण उपाशी माणसाला ते का पटले असेल, हे समजते.

खरी कमाल त्यापुढची आहे. 1964 मध्ये अतिश्रमाने चो कोसळले आणि मंडळीचा सांभाळ घरोघरीच्या लहान गटांवर सोपवण्याचे ठरले, तेव्हा पुरुष पुढारी कचरले आणि बायकांनी ती जबाबदारी उचलली, तीही स्त्रीने पुढारपण करणे तिथल्या समाजाला मानवत नसताना. भिशीत जशी एकीची गैरहजेरी बाकीच्यांना लगेच कळते, तसे या गटांत घरातले दुखणेखुपणे कळू लागले. 1973 साली जुन्या विमानतळाच्या योइदो बेटावर हे सभागृह उभे राहिले आणि 1990 च्या दशकात सभासदसंख्या सात लाखांच्या घरात गेली, त्यामागे प्रवचनाइतक्याच या बायका आहेत, असे माझे मत आहे. कोण आले नाही हे आमच्या गावी आपसूक कळते; इथे ती हजेरी या बायकांच्या वहीत आहे.

एका माणसाभोवती एवढा डोलारा उभा राहिला की हिशेबाचे प्रश्नही येतात. मुलाच्या ताब्यातले शेअर चर्चला चढ्या भावाने घ्यायला लावून सुमारे 1300 कोटी वॉनचे नुकसान केल्याबद्दल 2014 मध्ये न्यायालयाने चो यांना दोषी ठरवले आणि तीन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. तक्रार चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनीच केली होती, ही त्यातली जमेची बाजू. चो 2021 मध्ये वारले. प्रमुख पाळकपद त्याआधीच, 2008 मध्ये, ली यंग-हून यांच्याकडे आले होते.

अनुभव म्हणून पाचपैकी चार तारे. अर्धा तास आधी पोहोचा, नॅशनल असेंब्ली मेट्रो स्थानकावर उतरा, आणि प्रार्थना सुरू झाली की हेडफोन काढा.