सेसना 172 मधला गार्मिन जीटीएन 650: वर्षभर वापरल्यावर

आमच्या फ्लाइंग क्लबच्या सेसना 172 या छोट्या विमानात गार्मिनचा जीटीएन 650, म्हणजे वाट दाखवणारा टचस्क्रीन जीपीएस आणि रेडिओ एकत्र असलेला बॉक्स, बसवून वर्ष होत आलं. क्लबच्या दुसऱ्या 172 मध्ये अजून त्याच्या आधीच्या पिढीचा, नॉबवाला जीएनएस 430 आहे, त्यामुळे दोन्ही आलटूनपालटून हाताळायला मिळतात. मी कॅलिफोर्नियात पालो आल्टोहून उडतो, बहुतेक वेळा दक्षिणेला: वॉटसनव्हिल, मॉन्टेरे, कधी सॅन लुईस ओबिस्पो. मत आधीच सांगून टाकतो. बॉक्स उत्तम आहे, पण उड्डाणाआधी त्याला पाच मिनिटं दिली तरच. नाही दिली, तर हवेत खिडकीबाहेर बघायचं सोडून त्याचीच सेवा करत बसावं लागतं.

फ्लाइट प्लॅन, म्हणजे वाटेतल्या बिंदूंची यादी, भरणं हा 430 चा सर्वांत कंटाळवाणा भाग. बाहेरच्या नॉबने जागा, आतल्या नॉबने अक्षर. पाच अक्षरी वेपॉइंट (वाटेतला ठरलेला बिंदू) भरणं म्हणजे जुन्या काळ्या फोनची तबकडी फिरवण्यासारखं. 650 वर सरळ कीबोर्ड येतो. एअरवे (नकाशावरचा ठरलेला हवाई मार्ग) असेल तर आधीच्या वेपॉइंटवर बोट ठेवून एअरवे निवडायचा, तो कुठे सोडायचा ते सांगायचं, मधले सगळे बिंदू आपोआप येऊन बसतात. आता बहुतेक वेळा मी आयपॅडवर प्लॅन करून ब्लूटूथने पाठवतो. तरीही प्रत्येक लेगचा (दोन बिंदूंमधल्या टप्प्याचा) कोर्स, म्हणजे दिशा, आणि अंतर नकाशाशी ताडून बघतो, कारण सॅलिनासचा व्हीओआर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) एसएनएस आणि विमानतळ केएसएनएस. एक अक्षर सुटलं की भलताच बिंदू.

क्लबच्या विमानाची खास कटकट वेगळीच. आधीच्या माणसाचा प्लॅन तसाच चालू असतो, नकाशा त्याच्या आवडीने फिरवलेला असतो, आणि कोणीतरी स्वतःच्या घरावर वेपॉइंट करून ठेवलेला असतो. आधी सगळं पुसा, मग सुरुवात करा.

डायरेक्ट-टू, म्हणजे थेट एखाद्या बिंदूकडे नेणारं बटण, नव्या लोकांना फार आवडतं. पालो आल्टोहून वॉटसनव्हिलला डायरेक्ट दाबलं की स्क्रीनवरची मजेंटा (किरमिजी) मार्गरेषा सॅन होजेच्या हवाई क्षेत्रातून निघून सांताक्रूझच्या डोंगरांवरून जाते, आणि सुमारे 3,800 फुटांचं लोमा प्रिएटा डाव्या हाताला अगदी जवळ राहतं. बॉक्स इशारा देईल, पण रेषा वाकडी करणार नाही. ते काम तुमचं, म्हणून मधे एखादा बिंदू टाकायचा.

त्याच्या शेजारचा 'अॅक्टिव्हेट लेग' मात्र फार कमी जण वापरतात. डायरेक्ट-टू आहात तिथून नवी रेषा काढतं. अॅक्टिव्हेट लेग प्लॅनमधल्या दोन बिंदूंमधली मूळ रेषाच पकडून देतं. कंट्रोलरने एअरवेवर यायला सांगितलं असताना डायरेक्ट दाबलं, तर तुम्ही सांगितलेल्या रेषेवर नसताच. रेषेपासून किती बाजूला आहात ते दाखवणारी सुईही मधोमध असते, म्हणून शंकादेखील येत नाही.

सुईवरून आठवलं. आमच्या विमानात ती साध्या गोल डायलवर आहे. वळणाच्या आधी स्क्रीनवर पुढचा कोर्स आणि उरलेले सेकंद दिसतात, वळण झालं की कोर्स सेट करा असा संदेश येतो, आणि मग ओबीएसचा (डायलवर कोर्स लावायचा) नॉब हाताने फिरवायचा. जीपीएसवर असताना नाही फिरवला तरी सुई सरकते बरोबरच, पण डायलवरचा आकडा जुन्याच दिशेचा राहतो आणि डोकं गोंधळतं. शिवाय व्हीओआरची सुई अंशांत चुकणं दाखवते, ही मैलांत: प्रवासात पूर्ण टोकाला 2 नॉटिकल मैल, विमानतळापासून साधारण 30 मैलांच्या आत 1, अप्रोचला (उतरण्याच्या शेवटच्या ठरलेल्या मार्गावर) 0.3. तेवढ्याच चुकीला शेवटी सुई कितीतरी जास्त हलते.

उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यावर सकाळी ढगांचा थर बसतो, तेव्हा बॉक्सची खरी किंमत कळते. वॉसमुळे (जीपीएस जास्त अचूक करणारी उपग्रह यंत्रणा) एलपीव्ही या जीपीएसवरच्या अप्रोचला उंचीचंही मार्गदर्शन मिळतं. आयएलएस, म्हणजे धावपट्टीजवळच्या रेडिओ लहरींवरचा अप्रोच, असेल तेव्हा मात्र सीडीआय (तीच सुई) जीपीएसवरून व्हीएलओसीवर, म्हणजे रेडिओवर, गेलंय का, हे मी तोंडाने म्हणून बघतो. 650 बहुधा स्वतः बदलतो. 'बहुधा' या शब्दावर ढगात उतरू नये. मिस्ड अप्रोच पॉइंट (धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून द्यायची जागा) गेल्यावर बॉक्स पुढचा लेग आपणहून घेत नाही, सस्पेंड होतो. आधी विमान वर घ्या, मग बटण दाबा. (भारतात वॉसचं काम गगन ही यंत्रणा करतं, एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर किशनगढला त्यावर उतरलं होतं.)

तक्रारी दोन. हवा खराब असली की टचस्क्रीन वैताग आणते. कडेच्या पट्टीवर बाकीची बोटं टेकवून एकाच बोटाने दाबायची सवय लागते, नाहीतर सरळ नॉब वापरा, तो मुद्दाम ठेवलाय. दुसरी, डेटाबेस दर 28 दिवसांनी बदलतो आणि त्याचे पैसे दरवर्षी मोजावे लागतात. एकट्या मालकाला हा खर्च बोचेल, क्लबात तो वाटला जातो.

लष्करी चाचण्यांमुळे जीपीएस बिघडू शकतं असे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) इथे अधूनमधून येतात, त्यामुळे दुसऱ्या रेडिओवर मी जवळचा व्हीओआर लावूनच ठेवतो. 430 असलेल्यांनी घाईने बदलायला हवंय असं मला वाटत नाही. फक्त दृश्य उड्डाणं (ढगांत न शिरता, बाहेर बघून) करत असाल तर तो पुरतो. ढगातले अप्रोच नियमित करत असाल, तर 650 किंवा त्याच्यानंतर आलेला 650 एक्सआय घ्या, आणि बसवून मिळेपर्यंत गार्मिनचा मोफत ट्रेनर प्रोग्रॅम संगणकावर उघडून सोफ्यावर बसून अप्रोच करत राहा.