फेरेटला कच्चं मांस द्यावं की कोरडं खाद्य?

फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, पक्का मांसाहारी. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर. धान्य किंवा तंतुमय पदार्थ त्याला जेमतेमच पचतात. त्यामुळे कच्च्या मांसाचं पारडं आधीच जड वाटतं. हाड चावताना दात घासले जातात, हा आणखी एक फायदा.

पण नुसते बोनलेस तुकडे टाकले की झालं, असं नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. ते हाडांतून मिळवावं लागतं. सोबत यकृत हवं, टॉरिन या आवश्यक पोषकद्रव्यासाठी हृदय हवं. हाड कच्चंच द्यायचं, शिजवलेल्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात.

कोरड्या खाद्यात हे गणित आधीच सोडवलेलं असतं. मात्र दाणा बांधायला पिष्ट लागतंच, आणि इन्सुलिनोमाशी (स्वादुपिंडातली इन्सुलिन स्रवणारी गाठ) त्याचा संबंध असावा असा संशय आहे (सिद्ध झालेला नाही). पाकिटावर प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास आणि पहिला घटक मांस, एवढं तरी बघाच.

खरी अडचण वेगळीच. फेरेट खाणं लपवतो. सोफ्यामागे दडवलेले दाणे आठवडाभराने सापडले तर झाडून टाकता येतात. तिथे कोंबडीची मान सापडली तर? कच्च्या मांसातला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू फ्रीजरमध्येही मरत नाही. शिवाय फेरेटला फ्लू चटकन होतो, म्हणून बर्ड फ्लूच्या काळात कच्ची कोंबडी नकोच.

घरात तान्हं मूल असेल तर मी डोळे झाकून कोरडं खाद्य निवडेन. नाहीतर पिल्लाला दोन्हींची चव लावेन, कारण सहा महिन्यांनंतर नवं काही खायला ही मंडळी सहसा तयार होत नाहीत.